आधी लाईट, मग मास्क, मग मशीन

पुण्यात श्वासाची यंत्रं विकणारा दुकानदार पहिला प्रश्न बजेटचा विचारतो. त्याच्या जागी तो बरोबर आहे. पण गिऱ्हाईक वेल्ह्याच्या पलीकडच्या एखाद्या वाडीतून किंवा भोरच्या हिर्डोशी खोऱ्यातून आलं असेल, तर पहिला प्रश्न वेगळा असायला हवा : तुमच्याकडे पावसाळ्यात लाईट किती वेळ जाते? हे यंत्र रात्रभर चालावं लागतं, रोज चालावं लागतं आणि बहुतेकांच्या बाबतीत वर्षानुवर्षं चालावं लागतं.

पानशेत, वरसगाव, गुंजवणी, भाटघर, नीरा देवघर एवढी धरणं वेल्हे आणि भोर या दोन तालुक्यांत आहेत. भाटघरच्या पायथ्याशी वीजही तयार होते. तरी आषाढात वारा सुटला आणि तारेवर झाड पडलं, की डोंगरकडेची वाडी रात्रभर अंधारात बसते. वायरमन येणार तो सकाळी, ओढ्याचं पाणी उतरल्यावर. (वेल्हे तालुक्याचं नाव सरकारी दप्तरात आता राजगड झालं आहे. एसटीच्या रांगेत अजून वेल्हंच ऐकू येतं, म्हणून मीही तेच वापरतो.)

हे यंत्र ज्या आजारासाठी लागतं, त्याचं नाव स्लीप ॲप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींचा घसा मुळात अरुंद असतो, काहींची जीभ मागे पडते, काहींच्या मानेवर चरबी असते. ओला, मऊ रबरी पाइप तोंडाने ओढला की आतून चिकटतो, तसा हा घसा श्वास ओढताना मिटतो. छाती-पोट हलत राहतं, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकतो, माणूस अर्धवट जागा होऊन मोठ्याने श्वास ओढतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काहीच आठवत नाही. असा अडथळा किमान 10 सेकंदांचा असेल तर तो मोजतात. श्वास पूर्ण थांबलेला आणि अर्धवट अडलेला, दोन्ही मिळून तासाला सरासरी किती वेळा, हा आकडा म्हणजे एएचआय. 5 च्या आत ठीक, 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि 30 च्या वर तीव्र.

हा शहरातल्या, एसीत बसणाऱ्या, पोट सुटलेल्या माणसांचा आजार आहे अशी गावाकडे समजूत आहे, आणि ती अगदीच निराधार नाही. आपल्याकडचा गाजलेला अभ्यास मुंबईचाच : हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी 35 ते 65 वयाच्या शहरी पुरुषांची तपासणी केली आणि 2004 मध्ये निष्कर्ष छापले. झोपेत श्वास बिघडलेले सुमारे 19.5 टक्के निघाले. त्यासोबत दिवसा झोप येणारे, म्हणजे खऱ्या अर्थाने रुग्ण, 7.5 टक्के. पुढे 2023 मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी देशभरातले अभ्यास एकत्र करून अंदाज मांडला, की भारतात सुमारे 10.4 कोटी प्रौढांना हा विकार असावा. 15 फेब्रुवारी 2022 च्या रात्री मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी कारणांत याचं नाव घेतलं आणि हा शब्द वर्तमानपत्रांत आला.

पण सडपातळ माणसालाही तो होतो. जबडा लहान, मागे असला की पुरे. आणि या तालुक्यांत एक वर्ग असा आहे ज्याची मला जास्त काळजी वाटते : रात्री टेम्पो, ट्रक, कंपनीच्या बस चालवणारे. शिरवळ आणि खेड-शिवापूरच्या पट्ट्यात पाळ्यांमध्ये काम करणारी आणि पुणे-सातारा महामार्गावर स्टिअरिंग धरणारी पोरं भोर-वेल्ह्याच्या घराघरांत आहेत. त्यांची डुलकी ‘नाइट मारल्यामुळे’ आली असं सगळे धरून चालतात. कधी कधी ती दिवसा पुरेसं झोपूनही येते, हे कुणी विचारत नाही.

माझे चुलते मुंबईत हमाली करून गावी परतले. त्यांना आम्ही तात्या म्हणतो. तात्या जेवताना डुलायचे, एसटीत बसले की नसरापूर फाट्याच्या आत झोपायचे, आणि घोरणं असं की पडवीत झोपलेला पाहुणा उठून ओट्यावर जायचा. काकू रात्रभर जागी. ‘अहो, तुमचा दम मधीच अडकतोय,’ असं ती कितीदा म्हणाली. तात्यांचं उत्तर ठरलेलं : ‘दमलेला माणूस घोरणारच. तू झोप गपचिप.’ शेवटी त्यांच्या मुलाने मोबाइलवर रात्रीचा आवाज टिपला आणि सकाळी चहाच्या वेळी ऐकवला. घोरणं, मग एकदम शांतता, मग बुडता माणूस वर यावा तसा हिसका. तात्यांनी कप खाली ठेवला. ‘हे मीच व्हय?’

डॉक्टरांकडे जाताना असं रेकॉर्डिंग सोबत न्यावं, हे मी आता सगळ्यांना सांगतो. त्याने निदान होत नाही, पण बोलणं वेगळ्या ठिकाणाहून सुरू होतं. निदानाला स्लीप स्टडी लागते. एक प्रकार प्रयोगशाळेत रात्रभर झोपून करायचा, मेंदूच्या लहरींसकट. दुसरा घरी न्यायचा : बोटाला, नाकाला आणि छातीला लावायची छोटी यंत्रणा. छातीचे, झोपेचे किंवा कान-नाक-घशाचे डॉक्टर यातली कोणती करायची ते ठरवतात. पन्नास-साठ किलोमीटरवरून पुण्याला रात्र काढायला जाणाऱ्याला घरची तपासणी सोयीची, आणि साध्या प्रकरणात ती पुरतेही. हृदय किंवा फुफ्फुस आधीच बिघडलेलं असेल तर मात्र प्रयोगशाळेचा आग्रह धरावा.

तपासणीशिवाय मशीन विकत घेणारेही असतात. भाच्याने ऑनलाइन मागवलं, आत्याला दिलं. याला मी औदार्य म्हणणार नाही.

मशीन म्हणजे काय, तर एक छोटा पंखा. खोलीतली हवा गाळून, थोड्या दाबाने नळीतून नाकात सोडायची. त्या दाबाने घसा उघडा राहतो. 1980 च्या जूनमध्ये सिडनीच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड रुग्णालयात डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी हा प्रयोग पहिल्यांदा एका रुग्णावर केला. गळ्याला भोक पाडणं हा तोवरचा उपाय होता आणि त्या रुग्णाला तो नको होता. 1981 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांची हकिकत छापली गेली. सुरुवातीच्या घरगुती यंत्रांत व्हॅक्यूम क्लीनरची मोटर असायची आणि नाकाचा साचा घेऊन बनवलेला मास्क रोज रात्री चिकटवावा लागायचा. आजचं यंत्र तळहातापेक्षा थोडं मोठं, जवळजवळ निःशब्द आहे. तत्त्व तेच.

प्रकार तीन. ठरलेल्या एकाच दाबाचं ते सीपॅप. रात्रीत गरजेप्रमाणे दाब कमी-जास्त करणारं ते ऑटो सीपॅप. श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी असे दोन दाब देणारं ते बायपॅप. दाब सेंटिमीटर पाण्याच्या मापात मोजतात. सीपॅप साधारण 4 ते 20 पर्यंत देतं. किमती ढोबळमानाने पस्तीस-चाळीस हजारांपासून लाखाच्या आसपास, मास्क वेगळा. बहुतेक आरोग्य विमे घरी वापरायच्या यंत्राचे पैसे देत नाहीत, म्हणून पॉलिसीचं कलम आधी वाचून घ्यावं.

वेल्ह्यासारख्या ठिकाणी मी ऑटोच्या बाजूने आहे. एका दाबाचं यंत्र स्वस्त पडतं, पण त्याचा दाब ठरवायला प्रयोगशाळेत आणखी एक रात्र लागते, आणि वजन बदललं, सर्दी झाली, की पुन्हा पुण्याची फेरी. ऑटो तेवढी फेरी वाचवतं. हृदय कमकुवत असलेल्या किंवा फुफ्फुसाचा जुना आजार असलेल्या रुग्णाला मात्र ऑटो चालेलच असं नाही; तिथे डॉक्टर म्हणतील तेच. बायपॅप महाग म्हणून चांगलं, हा समज तर सोडूनच द्यावा. ज्याच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, ज्याला फुफ्फुसाचा आजार जोडीला आहे किंवा ज्याला मोठा दाब सहन होत नाही, त्याच्यासाठी ते आहे.

आता खरी निवड, म्हणजे मास्क. मशीन कोणतंही घ्या, माणूस ते सोडतो तो मास्कमुळे. फक्त नाकावर बसणारा, नाकपुड्यांत टेकणारा आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा असे ढोबळ तीन प्रकार. सर्वसाधारणपणे नाकाचा मास्क कमी दाबात काम करतो आणि लोक तो जास्त टिकवतात. दुकानात खुर्चीवर बसून मास्क लावून ‘बरा आहे’ म्हणणं निरुपयोगी. आडवं व्हा, कुशीवर वळा, दाब सुरू करा, मग बघा. रात्री कवळी काढून ठेवत असाल तर ती काढूनच बघा, कारण तेव्हा गालाचा आकार बदलतो. आणि मिशी. आमच्याकडे भरघोस मिशी हा प्रतिष्ठेचा भाग आहे. नाकावरचा मास्क तिच्यावर नीट बसत नाही, हवा डोळ्यांत जाते. मिशी काढायला सांगणाऱ्या सेल्समनकडे तात्यांनी ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. नाकपुड्यांत टेकणारा मास्क घेतला, मिशी वाचली.

काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाच्या कड्या असतात. घरात कुणाला पेसमेकर बसवलेला असेल, अगदी शेजारी झोपणाऱ्यालाही, तर असा मास्क नको. हे दुकानात आपण होऊन सांगतीलच असं नाही.

लाईट गेली आणि तोंडावर मास्क असला तर जीव गुदमरेल का, ही भीती प्रत्येक घरात असते. घरच्या यंत्राच्या मास्कला हवा बाहेर जायला भोकं असतात, आणि नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कला हवा थांबताच उघडणारी झडपही असते. माणूस जागा होतो, मास्क काढतो, पुन्हा घोरायला लागतो, एवढंच. आयसीयूमधल्या काही मास्कना मात्र ही भोकं नसतात. ते वेगळ्या नळ्यांसाठी असतात. कुणी दवाखान्यातून ‘असाच पडलेला’ मास्क आणून दिला तर घरच्या मशीनला लावू नये.

विजेचा हिशेब वहीच्या पानावर मांडता येतो. गरम पाण्याची टाकी बंद ठेवली तर बहुतेक मशीन 10 ते 30 वॉट घेतात. 30 धरा, 8 तास धरा : 240 वॉट-तास. घरात 12 व्होल्टची 150 अँपिअर-तासांची इन्व्हर्टर बॅटरी असेल तर कागदावर ती 1800 वॉट-तासांची. बॅटरी जुनी होते, इन्व्हर्टर स्वतःही खातो, म्हणून निम्मीच धरा, 900. म्हणजे नुसत्या मशीनला तीन रात्री निघतात. टाकी आणि गरम नळी चालू ठेवून 70 वॉट धरले तर दीड रात्र. त्याच बॅटरीवर जुना छताचा पंखा फिरत असेल तर तो एकटाच मशीनपेक्षा दुप्पट खातो. म्हणून मशीनसाठी इन्व्हर्टरवर वेगळा पॉइंट काढून घ्यावा आणि इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा असावा. बॅटरीवर थेट चालवायचा विचार असेल तर मशीनला 12 व्होल्ट लागतात की 24, हे खरेदीआधी विचारा. 24 वाल्याला मध्ये कन्व्हर्टर लागतो, आणि तो ऐन पावसात भोरच्या बाजारपेठेत मिळेल या भरवशावर राहू नये.

टाकीची गरजही ऋतूप्रमाणे ठरते. आषाढ-श्रावणात इथली हवाच इतकी ओली, की दुलई वाळत नाही. तेव्हा पाण्याची टाकी कशाला? उन्हाळ्यात नाक-घसा कोरडा पडतो, तेव्हा लावावी. पौषात तोरण्याच्या पायथ्याला थंडी पडली की गरम ओली हवा थंड नळीत थेंब धरते आणि मध्यरात्री नाकात पाणी येतं. नळी गोधडीखालून घ्यावी आणि मशीन डोक्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवावं. आपल्याकडे बरेच जण जमिनीवर झोपतात. तिथे मशीन पाटावर ठेवून अंथरुणाखाली गादी किंवा चटया वाढवाव्या. टाकीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं, गॅरेजमधलं बॅटरीचं पाणी नव्हे. ते मिळेनासं झालं तर टाकी काढून ठेवा, मशीन तसंच चालतं.

चुलीचा धूर, भात झोडणीची धूळ, घरातलं मुंग्या-झुरळांचं राज्य यांचा विचार माहितीपुस्तकात नसतो. हवा गाळणारा फिल्टर ठरलेल्या मुदतीने बदला असं पुस्तक सांगतं. चूल शेजारच्या खोलीत असेल तर तो आठवड्याला काढून बघावा आणि काळा पडला की बदलावा. सकाळी नळी सोडवून दोरीवर लटकवावी, सावलीत. मास्क कोमट पाण्याने, साध्या साबणाने धुवावा. ओझोन सोडणारी ‘सॅनिटायझर’ यंत्रं विकतात, त्यांच्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2020 मध्येच सावधगिरीचा इशारा दिला आहे. पैसे वाचले.

मोबाइल ॲपचं कौतुकही इथे जपून करावं. रात्रीचा हिशेब, म्हणजे किती तास वापरलं, किती गळती झाली, किती अडथळे उरले, हा डॉक्टरांना हवाच असतो. पण रेंजसाठी गच्चीवर चढावं लागणाऱ्या गावात फक्त इंटरनेटवर माहिती पाठवणारं मशीन काय कामाचं? मेमरी कार्ड असलेलं घ्या. कार्ड खिशात टाकून एसटीने नेता येतं, पुण्याला जाणाऱ्या शेजाऱ्याबरोबर पाठवताही येतं.

जुनं मशीन स्वस्तात मिळतं, आणि इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. 14 जून 2021 रोजी फिलिप्सने आपली लाखो यंत्रं जगभरातून परत मागवली. आवाज दबवायला आत बसवलेला फोम कालांतराने झिजून त्याचे कण आणि वायू श्वासात जाण्याचा धोका होता. 26 एप्रिल 2021 पूर्वी बनलेली ड्रीमस्टेशनच्या पहिल्या पिढीची आणि इतर अनेक मॉडेलं त्यात होती. अशी यंत्रं एखाद्या कपाटात पडून असतात आणि मग ‘दोनच महिने वापरलंय’ म्हणून पुढे सरकतात. मॉडेल, उत्पादनाची तारीख आणि अनुक्रमांक तपासल्याशिवाय जुन्याला हात लावू नये. पैशांची अडचण असेल तर महिन्याच्या भाड्याने नवं मशीन घ्यावं, महिना-दोन महिने वापरून बघावं, मग ठरवावं. मला तर ज्याच्याकडे पैसे आहेत त्यानेही असंच करावं असं वाटतं.

कोविडच्या काळात गावोगाव ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आले. ‘श्वासाचं मशीन आपल्याकडे आहे की,’ असं म्हणून तो लावून देणारे भेटतात. कॉन्सन्ट्रेटर ऑक्सिजन देतो, दाब देत नाही. मिटलेला घसा त्याने उघडत नाही. उलट ऑक्सिजन टिकून राहिल्याने मेंदू उशिरा दचकतो आणि अडथळा लांबू शकतो.

दुकानदार आणखी एक गोष्ट सांगतो : हे लावलं की हार्ट अटॅक टळला. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेव्ह’ या मोठ्या चाचणीत हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेले 2717 रुग्ण होते, त्यांत भारतातलेही होते. सीपॅपने पुढचे झटके कमी झाल्याचं दिसलं नाही. घोरणं, दिवसाची झोप, मनाची मरगळ मात्र कमी झाली. त्या लोकांनी मशीन सरासरी रात्री 3.3 तासच वापरलं होतं, हेही ध्यानात घ्यायला हवं. तेव्हा दावा एवढाच करावा, की दिवसा माणूस जागा राहतो, आणि घाटात गाडी चालवणाऱ्याला तेवढं पुष्कळ आहे.

मशीनशिवाय काही होतं का? सौम्य आजारात होतं. वजन उतरवणं, कुशीवर झोपणं, रात्रीची दारू बंद करणं, दातांच्या डॉक्टरांकडून खालचा जबडा पुढे धरणारी पट्टी करून घेणं. जयपूरमध्ये 30 रुग्णांवर झालेला एक छोटा अभ्यास 2025 मध्ये छापून आला : सहा महिने शंख फुंकणाऱ्यांची दिवसाची झोप घटली, श्वासाचे अडथळेही तासाला चार-पाचाने कमी झाले. नसरापूरच्या बनेश्वर मंदिरातल्या पुजाऱ्यांना बरं वाटेल. पण तासाला 40 अडथळे असलेल्याचे 35 झाले तरी तो तीव्रच राहतो, तेव्हा शंख जरूर फुंका आणि मशीनही लावा.

तात्यांनी पहिल्या आठवड्यात मशीन दोनदा बंद करून कोपऱ्यात ठेवलं. ‘नाकात वारं घुसतंय.’ दाब हळूहळू चढवणारी रॅम्पची सोय चालू करून दिली, काकूने दुपारी टीव्ही बघताना अर्धा तास मास्क लावून बसायला लावलं, मग सवय झाली. आता ते एसटीत जागे असतात आणि कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालतात.

राहिली काकू. तिचं डोकं सकाळी दुखतं, दिवसभर अंग मोडून येतं, पायऱ्या चढताना धाप लागते. पाळी गेल्यावर बायकांमध्ये हा आजार वाढतो. पण त्या घोरण्याची नव्हे, थकव्याची तक्रार घेऊन येतात आणि रक्तवाढीच्या गोळ्या घेऊन परत जातात. जगभर वापरली जाणारी आठ प्रश्नांची स्टॉप-बँग प्रश्नावली पुरुष असण्याला एक गुण देते. बाईचा तो गुण जातोच. शिवाय तिचं घोरणं सांगणार कोण? ती सगळ्यांच्या नंतर झोपते, सगळ्यांच्या आधी उठते. मुलाने मोबाइल पुन्हा एकदा रात्री चालू ठेवला, या वेळी तिच्या उशाशी. रेकॉर्डिंग ऐकून ती म्हणाली, ‘हा आवाज यांच्या मशीनचा असंल.’ मशीन त्या रात्री बंद होतं, लाईट नव्हती आणि बॅटरीवर पंखा लावलेला होता. भात काढून झाला की तिला पुण्याला न्यायचं ठरलं आहे.